गुलमर्गचा डिसेंबर: हंगामाच्या सुरुवातीचा बर्फ कसा वाचायचा

डिसेंबर उजाडला की गुलमर्गच्या पहिल्या बर्फाचे व्हिडिओ फोनवर फिरू लागतात आणि पुण्या-मुंबईच्या स्कीइंगवेड्या मंडळींचा एकच प्रश्न सुरू होतो: नाताळच्या सुट्टीत जायचं का? माझं उत्तर दरवर्षी तेच असतं. काल किती बर्फ पडला ते नंतर बघू, आधी नोव्हेंबरपासून तिथे काय काय घडलं ते सांगा. हंगामाच्या सुरुवातीला डोंगरावर दिसणारा बर्फ एका रात्रीतला नसतो. दीड-दोन महिन्यांच्या हवामानाने तो थरावर थर चढवून रचलेला असतो, आणि त्यातला सगळ्यात खालचा, सगळ्यात जुना थर बहुतेक वेळा सगळ्यात कच्चा असतो. आपण स्की चालवतो वरच्या पांढऱ्याशुभ्र थरावर. जिवाची गाठ असते ती खालच्या थराशी.

हा लेख एखादा कोर्स केलेल्या आणि आता डिसेंबर किंवा जानेवारीच्या सुरुवातीला स्वतःच्या हिमतीवर गुलमर्गला निघालेल्यांसाठी आहे. पहिल्यांदाच स्की पायात घालणार असाल तर तुम्ही गावाजवळच्या सपाट कुरणावर असाल, तिथे हिमस्खलनाची चिंता नाही. तुम्हाला ‘किती बर्फ पुरतो’ एवढा भाग कामाचा.

आधी उंच्या पाठ करा

श्रीनगर साधारण १,५८५ मीटरवर. टनमर्ग, जिथून शेवटचा घाट सुरू होतो, २,१५० मीटरच्या आसपास. गुलमर्गचं कुरण २,६५० मीटर. गोंडोलाचा (केबल कारचा) पहिला टप्पा, १९९८ साली सुरू झालेला, कोंगडोरीला जवळपास ३,१०० मीटरवर सोडतो. दुसरा टप्पा २००५ चा, तो गुलमर्गवरच्या अफरवाट डोंगराच्या खांद्यावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो. म्हणजे कुरणापासून वरच्या स्थानकापर्यंत तेराशे मीटरचा फरक. डिसेंबरमध्ये एकाच दिवशी टनमर्गला पाऊस, कुरणात ओला बर्फ आणि अफरवाटवर कोरडा, भुसभुशीत पाउडर असं चित्र सहज दिसतं. म्हणून ‘गुलमर्गला बर्फ पडला’ असं कुणी सांगितलं की पहिला प्रश्न विचारायचा: किती उंचीवर?

पहिली पायरी: ऑक्टोबरच्या मध्याला वही उघडा

घरबसल्या करायचं हे काम आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच कामाकडे होतं. एका साध्या वहीत प्रत्येक झंझावाताची एक ओळ लिहायची: तारीख, गुलमर्गला बर्फ की पाऊस, किती, आणि त्यानंतर किती दिवस आकाश कोरडं राहिलं. श्रीनगरच्या हवामान केंद्राची रोजची आकडेवारी त्याला पुरते.

काश्मीरचा हिवाळ्यातला बर्फ येतो तो पश्चिमी झंझावातांमधून. भूमध्य समुद्राच्या बाजूने वरच्या थरातल्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर सरकत येणाऱ्या या प्रणाली आपल्याला अनोळखी नाहीत. निफाडचा द्राक्ष बागायतदार ज्या झंझावातांची बातमी धास्तीने वाचतो, तेच हे. झंझावात पुढे सरकला की उत्तरेचा गार वारा खाली उतरतो आणि नाशिकचा पारा कोसळतो. तुमच्या गावात अचानक थंडी वाढली असेल, तर बहुधा दोन-तीन दिवसांपूर्वी गुलमर्गला काहीतरी घडून गेलेलं असतं.

झंझावात येण्याआधी काश्मीरमध्ये वारा दक्षिणेकडून किंवा नैर्ऋत्येकडून वाहू लागतो, उंचावर पिसांसारखे ढग येतात, रात्री थोड्या उबदार होतात. तो निघून गेला की वारा वायव्येचा, आकाश निरभ्र आणि रात्र बोचरी. वहीत या दुसऱ्या भागाला मोठ्या अक्षरात जागा द्या. दोन झंझावातांमधले कोरडे, निरभ्र, गारठलेले दिवस किती, हा आकडा बर्फाच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे. का, ते पुढे येतंच.

दुसरी पायरी: अंदाज उंचीत बदलून घ्या

हवामानाचं ॲप ‘गुलमर्ग’ म्हणून जो आकडा दाखवतं तो नेमका कोणत्या उंचीसाठी आहे, हे आधी तपासा. पुष्कळ ॲप आजूबाजूच्या प्रदेशाची सरासरी उंची धरतात. मग हिशेब स्वतः करायचा. वर चढताना हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी गार होते. झंझावात चालू असताना श्रीनगरला ४ अंश असतील तर कुरणात उणे ३ च्या आसपास आणि अफरवाटच्या वरच्या स्थानकावर उणे ११ ते १२.

हा हिशेब वादळी हवेतच धरून चालायचा. निरभ्र, शांत सकाळी काश्मीर खोऱ्यात गार हवा तळाशी साठते, धुकं धरतं, आणि श्रीनगर कधी कधी गुलमर्गइतकंच किंवा त्याहून थंड असतं. अशा सकाळी श्रीनगरच्या उणे चार अंशांवरून ‘वर तर बर्फ दगडासारखा घट्ट असेल’ असा निष्कर्ष काढाल तर चुकाल. ऊन लागलेल्या उतारावर अकरा वाजेपर्यंत बर्फ चिकट झालेला असू शकतो.

शून्य अंशाची पातळी कितीवर आहे तेही बघा. बर्फ साधारणपणे त्या पातळीच्या दोनशे-तीनशे मीटर खालपर्यंत बर्फ म्हणूनच पोचतो. शून्याची पातळी २,८०० मीटर असेल तर कुरणात जड, ओला बर्फ आणि टनमर्गला पाऊस. ३,२०० असेल तर कुरणातही पाऊसच. डिसेंबरच्या सुरुवातीला हे होतं. बर्फावर पाऊस पडून गोठला तर वर काचेसारखं कवच तयार होतं. वहीत त्या तारखेला लाल खूण करा.

एक मिलिमीटर पाणी म्हणजे ढोबळमानाने एक सेंटिमीटर बर्फ. वर, जिथे हवा फार गार असते, तिथे दीड सेंटिमीटरपर्यंत धरा. अंदाज २५ मिलिमीटरचा असेल तर कुरणात पंचवीस सेंटिमीटर, अफरवाटवर पस्तीसपर्यंत.

किती बर्फ पुरतो

माझा ठोकताळा असा. कुरणाच्या गवतावर शिकण्यासाठी खाली बसलेला, दाबला गेलेला ३० ते ४० सेंटिमीटर बर्फ पुरतो. ताजा ३० सेंटिमीटर पुरत नाही, कारण तो दोन-तीन दिवसांत खचतो. कोंगडोरीच्या आसपास, जिथे खाली झुडपं, ओंडके आणि ओढे आहेत, तिथे किमान ७० ते ८० सेंटिमीटर. अफरवाटचा वरचा भाग धोंड्यांनी भरलेला आहे. तिथे मीटर-दीड मीटरचा बसलेला पाया असल्याशिवाय मी वेगाने उतरत नाही. वरून सगळं गुळगुळीत दिसतं, पण दोन वीत खाली धारदार दगड असतात. स्कीची कड फाटते हे नुकसान सोसता येतं, गुडघा नाही.

जंगलातून बाबारेशी किंवा टनमर्गकडे उतरणाऱ्या वाटा फेब्रुवारीत अप्रतिम असतात. त्या खालच्या उंचीवर जातात, म्हणून डिसेंबरमध्ये त्यांचा विचारच नको. वरून छान सुरुवात होते आणि अर्ध्यात माती लागते.

तिसरी पायरी: तळातली साखर ओळखा

हा या लेखाचा गाभा, म्हणून थोडं थांबून सांगतो.

बर्फाखालची जमीन हिवाळाभर शून्य अंशाच्या आसपास राहते. बर्फाचा पृष्ठभाग मात्र निरभ्र रात्री उणे १२ किंवा त्याखाली जातो. या दोन टोकांमधला फरक बर्फाच्या जाडीत वाटला जातो. जाडी ४० सेंटिमीटर असेल तर दर १० सेंटिमीटरला ३ अंश फरक पडतो. जाडी दीड मीटर असेल तर तोच फरक दर १० सेंटिमीटरला एक अंशाहूनही कमी. आणि एक अंश हीच साधारण सीमारेषा. त्यापेक्षा फरक जास्त झाला की खालच्या उबदार बर्फातून वाफ वर सरकते, वरच्या कणांवर पुन्हा गोठते, आणि गोल, एकमेकांना धरून राहणारे कण हळूहळू कोनेदार, सुटे, चकाकते होतात. मूठभर हातात घेतला तर जाड साखरेसारखा बोटांतून गळतो. त्याचा गोळा वळत नाही.

म्हणजे बर्फ पातळ आणि आकाश निरभ्र, ही जोडीच तळ पोखरते. गुलमर्गमध्ये नोव्हेंबरात बर्फ पडून जातो. कुरणातला वितळतो, पण अफरवाटच्या सावलीतल्या, उत्तरेकडे आणि ईशान्येकडे तोंड केलेल्या उतारांवर टिकतो. मग कोरडे दिवस. मग २१ डिसेंबरला चिल्लई कलान लागतो, काश्मिरी हिवाळ्याचे सगळ्यात कडक चाळीस दिवस. फेरनच्या (लांब काश्मिरी झग्याच्या) आत कांगडी (निखाऱ्यांची छोटी शेगडी) घेऊन बसलेला माणूस ज्या रात्रींना नावं ठेवतो, त्याच रात्री तो नोव्हेंबरचा बर्फ साखर होत असतो.

सह्याद्रीत फिरलेल्यांना घसारा माहीत आहे: कातळावर पसरलेले बारीक खडे, पाय ठेवला की सगळं सरकतं. तळातली साखर म्हणजे बर्फाचा घसारा, फक्त त्याच्यावर नंतर पडलेला मीटरभर बर्फ एकसंध स्लॅबसारखा बसलेला असतो. कच्च्या टेकूंवर ओतलेला स्लॅब जसा एका धक्क्याने अख्खा खाली येतो, तसा हा थर एका स्कीच्या दाबाने तुटतो आणि शंभर मीटर रुंदीने सुटू शकतो. साखरेचा थर लवकर बरा होत नाही. ताजा पडलेला बर्फ दोन-चार दिवसांत एकमेकांना धरतो. तळातली साखर आठवडेच्या आठवडे, कधी अख्खा हंगाम तशीच राहते.

२०२३-२४ चा हिवाळा आठवा. जानेवारी बराचसा कोरडा गेला, पर्यटक तपकिरी कुरणावर फोटो काढत होते. महिन्याच्या शेवटापासून जोरदार बर्फ आला आणि २२ फेब्रुवारीला अफरवाटच्या उतारावर हिमस्खलनात एक रशियन स्कीपटू दगावला. त्याआधी, १ फेब्रुवारी २०२३ ला, अफरवाटवरच दोन पोलिश स्कीपटू गेले होते. आणि ८ फेब्रुवारी २०१० ला गुलमर्गजवळच्या खिलनमर्गला प्रशिक्षण घेणाऱ्या लष्कराच्या तुकडीवर हिमस्खलन कोसळून सतरा जवानांचा मृत्यू झाला. हे सारं फेब्रुवारीतलं, भरपूर बर्फाच्या दिवसांतलं. म्हणून सांगतो, डिसेंबरची वही फेब्रुवारीपर्यंत जपून ठेवायची. लांब कोरडा काळ आणि त्यावर अचानक मोठं ओझं, या क्रमाची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

चौथी पायरी: वारा कुठून आला ते शोधा

झंझावातात डोंगरमाथ्यावर वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा असतो आणि आपण ज्या उतारांवर स्की करतो ते ईशान्येकडे पाहतात. म्हणजे वारा पलीकडचा बर्फ उचलून नेमका आपल्या उतारावर आणून टाकतो. ताशी २५ ते ५० किलोमीटरचा वारा या कामात फार तरबेज. वाऱ्याआडच्या उतारावर आकाशातून पडणाऱ्या बर्फाच्या कित्येक पट बर्फ जमा होतो. गावात वीस सेंटिमीटर पडला असेल तेव्हा कड्याखाली साठ-सत्तर असू शकतो.

खालून दुर्बिणीने कडा बघा. माथ्यावरून पांढरा धूर उडताना दिसला तर वारा या क्षणीही बर्फ वाहतोय. चालताना पृष्ठभाग ढोलासारखा पोकळ वाजला, स्कीच्या टोकापासून भेगा पळाल्या, किंवा पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज होऊन सगळं किंचित खाली बसलं, तर तो डोंगराचा स्पष्ट नकार आहे. त्या आवाजानंतर चर्चा करायची नाही. आल्या वाटेने, कमी उताराने परत फिरायचं.

पाचवी पायरी: खड्डा खणा

स्वतः खड्डा खणून बघितल्याशिवाय तळातला थर कळत नाही. जागा निवडताना उतार २५ अंशांपेक्षा कमी हवा, वर मोठा उतार लटकलेला नको, पण दिशा आणि उंची आपल्याला जायच्या उताराशी जुळणारी हवी. जमीन लागेपर्यंत खणा. डिसेंबरमध्ये ते पंधरा मिनिटांचं काम आहे, हाच सुरुवातीच्या हंगामाचा फायदा.

भिंत सरळ कापून घ्या आणि वरून खाली हात लावत या. मूठ सहज आत जाते का, चार बोटं, एक बोट, पेन्सिल, की फक्त सुरी? टणक थराखाली मूठ आत जाणारा थर सापडला तर तिथे थांबा आणि कण हातावर घेऊन बघा. साखर असेल तर ती चकाकते. मग ३० सेंटिमीटर लांब-रुंद खांब कापा, त्यावर फावड्याचं पातं ठेवा, आणि आधी मनगटातून दहा, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून दहा थापा द्या. सुरुवातीच्या थापांतच खांब तुटून वरचा भाग खणातल्या फळीसारखा सफाईने सरकला तर उत्तर मिळालं. खांब तुटला नाही म्हणून उतार सुरक्षित ठरत नाही. शंभर पावलांवर थर वेगळा असू शकतो. वाईट निकाल पुरेसा असतो, चांगला निकाल कधीच पुरेसा नसतो.

हे हाताखालून गेल्याशिवाय येत नाही. पहिल्या वेळी स्थानिक गाईड सोबत घ्या आणि त्यालाच खणायला न लावता स्वतः खणा.

सहावी पायरी: निघायच्या सकाळी

चंदीगडच्या ‘डीजीआरई’ या संरक्षण संशोधन संस्थेचा हिमस्खलन इशारा रोज वाचा. तो पाच पातळ्यांचा असतो आणि सहसा जिल्ह्यासाठी, अमुक मीटरच्या वर, असा एका ओळीत येतो. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात. त्या एका ओळीत तुमचा उतार, त्याची दिशा, कालचा वारा यातलं काही नाही. मधली पातळी वाचून लोक निर्धास्त होतात, ते चूक. मधल्या पातळीलाही माणूस स्वतःच्या वजनाने हिमस्खलन सोडवू शकतो.

मग गोंडोलाच्या स्की पेट्रोलला (उतारांची सुरक्षा बघणाऱ्या पथकाला) भेटा. वारा किंवा ताजा बर्फ जास्त असेल तर दुसरा टप्पा बंद ठेवतात. तो बंद आहे म्हणून पायी चढून जाण्याचा विचार मनात आला तर तो तिथेच सोडा. टप्पा उघडा असला तरी पेट्रोल ठरावीक पट्टाच सांभाळतं. त्याच्या दोन्ही बाजूंचा डोंगर तुमच्या जबाबदारीवर.

सह्याद्रीतली सवय इथे उलटी करावी लागते. आपल्याकडे पाऊस थांबला, ऊन पडलं की कडा चढायला बरा. बर्फात वादळानंतरचा पहिला निळा दिवस सगळ्यात धोक्याचा, आणि नेमका सगळ्यात मोहक. चोवीस तासांत तीस सेंटिमीटरहून जास्त पडला असेल तर मी पुढचा दिवस कुरणात किंवा कमी उतारावर घालवतो. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार हिमस्खलनाचे. कोन फोनवर मोजता येतो, मोजा. घळीत शिरू नका. थोडा बर्फही तिथे खोल गाडतो. उतरताना एका वेळी एकच, बाकीचे सुरक्षित जागी नजर लावून.

सामान

ट्रान्सीव्हर (गाडलेल्याला शोधायला संकेत पाठवणारं आणि पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं: तिन्ही प्रत्येकाकडे, आणि तिन्हींचा सराव झालेला. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर आशा असते. बाहेरची मदत तेवढ्यात येत नाही, जे सोबत आहेत तेच. पाठवण्याच्या स्थितीत ट्रान्सीव्हरपासून फोन २० सेंटिमीटर लांब, शोधताना ५०.

नवी कोरी स्की डिसेंबरमध्ये नेऊ नका, जुनी किंवा भाड्याची वापरा. फोनला पोस्टपेड सिम हवं, महाराष्ट्रातलं प्रीपेड तिथे चालत नाही. परदेशातून येणाऱ्या मराठी मित्रांसाठी खास: तिकडच्या डोंगरांत सर्रास वापरला जाणारा सॅटेलाइट मेसेंजर भारतात परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. तो घरीच ठेवा. टनमर्गहून वर जाणाऱ्या गाडीला साखळ्या आहेत ना, हे श्रीनगरलाच विचारून घ्या.

बर्फच नसेल तर

तारखा बदलता येत असतील तर जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारी धरा. तेही हमखास नाही. २०२५ मध्ये फेब्रुवारीत होणाऱ्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. डिसेंबरच हाती असेल तर परतीचं तिकीट बदलता येण्यासारखं काढा आणि कोंगडोरीच्या वरच्या पट्ट्यात जे असेल त्यावर समाधान माना. कोरडे दिवस वाया जात नाहीत. बोडका अफरवाट नीट बघून ठेवा: धोंडे कुठे, ओढे कुठे, कोणत्या घळीत नोव्हेंबरचा बर्फ उरलाय. त्याचे फोटो तारखेसह जपा. पुढच्या झंझावातानंतर हे सगळं झाकलं जाईल, आणि खाली काय आहे ते फक्त तुम्हाला ठाऊक असेल.

दिवसाच्या शेवटाविषयी एक. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, पण ईशान्येचे उतार त्याच्या खूप आधी सावलीत जातात. तीन-साडेतीननंतर चढ-उतार डोळ्यांना दिसेनासे होतात, दिवसभर वितळलेला माग गोठून खडबडीत होतो आणि कोंगडोरीखालचे ओंडके जेमतेम झाकलेले असतात. तोवर मांड्याही थकलेल्या असतात. त्या शेवटच्या तुकड्यासाठी मी स्की काढून खांद्यावर टाकतो आणि गोंडोलात बसून खाली येतो.